प्राण्यातून माणसात आलेला कोरोना कसा बदलत गेला, हे लॅपटॉपवर कसं तपासायचं

कोल्हापुरात बायोटेक किंवा मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला पोचलेल्या मुलामुलींपुढं प्रकल्प निवडताना दोन अडचणी असतात. रसायनांचा खर्च परवडत नाही, आणि विषाणूवर काम करायचं म्हटलं तर तशी बंदिस्त प्रयोगशाळा पुण्याला. पण विषाणूचा जीनोम, म्हणजे त्याच्या आरएनएतला सगळा अनुवांशिक मजकूर, अभ्यासायला विषाणू हातात असावा लागत नाही. जगभरातल्या प्रयोगशाळांनी वाचलेले लाखो जीनोम फुकट उतरवून घेता येतात आणि आठ जीबी रॅमच्या साध्या लॅपटॉपवर त्यातल्या तीनचारशे क्रमांचं (क्रम म्हणजे ए, सी, जी, टी या अक्षरांची ओळ; आरएनएतला यू इथं टी लिहितात) काम आरामात होतं. प्राण्यातून माणसात उडी मारल्यावर कोरोनाविषाणूत कुठले बदल झाले, हा असल्या कामासाठी फार चांगला विषय आहे.

त्यात एक घाई मात्र हमखास होते. म्युटेशन (अक्षरबदल) दिसलं की ‘विषाणूनं माणसाशी जुळवून घेतलं’ असं लिहून मंडळी मोकळी होतात. माझ्या मते हे स्पष्टीकरण रांगेत सगळ्यात शेवटी उभं राहायला हवं. त्याच्या आधी विषाणूच्या आरएनएची रासायनिक झीज, आपल्या पेशींतली एन्झाइमं, क्रम वाचतानाच्या चुका आणि निव्वळ योगायोग यांचा हिशोब लागला पाहिजे. खालची सगळी पद्धत त्या हिशोबासाठीच आहे.

आधी कुठली उडी ते ठरवा

‘कोरोनाची म्युटेशन्स’ हा विषय नव्हे. एक ठरावीक उडी निवडा.

नवख्यानं २००२-०३ च्या सार्स या कोरोनाविषाणूच्या साथीपासून सुरुवात करावी असं मी सांगेन. ती साथ चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात नोव्हेंबर २००२ मध्ये सुरू झाली, आठ हजारांवर लोकांना लागण झाली आणि ७७४ जण दगावले. बाजारातल्या उदमांजरांत सापडलेले विषाणू (एसझेड३, एसझेड१६) आणि माणसातले सुरुवातीचे आणि नंतरचे विषाणू (जीझेड०२, टोर२, अर्बानी) असे दोन्ही बाजूंचे क्रम तिथं उपलब्ध आहेत. उडीच्या अलीकडचं आणि पलीकडचं असं दोन्ही हाताशी असणं ही चैन सार्स-कोव्ह-२ मध्ये, म्हणजे कोविडच्या विषाणूत, नाही.

सार्स-कोव्ह-२ चा प्रसिद्ध नातेवाईक आरएटीजी१३ हा युन्नानमधल्या नालनाक्या वटवाघळातून २०१३ साली मिळाला. त्याचं साम्य सुमारे ९६ टक्के आहे. लाओसमधल्या बॅनल-५२ चं त्याहून थोडं जास्त, ९६.८ टक्के. ऐकायला हे जवळचं वाटतं, पण तीस हजार अक्षरांत चार टक्के म्हणजे अकराशेहून जास्त फरक. हे अकराशे बदल ‘माणसात आल्यावर झालेली म्युटेशन्स’ म्हणून मोजलेले अहवाल मी पाहिले आहेत. ते साफ चूक आहे. हा फरक बहुतांशी वटवाघळांत कित्येक दशकं साचलेला आहे, आणि तो वंशवृक्षाच्या दोन्ही फांद्यांवर वाटला गेला आहे. सार्स-कोव्ह-२ घेतला तर तुमचं मोजमाप २०१९ च्या अखेरीपासून पुढं सुरू होतं, मागं नाही.

तिसरा पर्याय उलट्या उडीचा, म्हणजे माणसातून मिंक या फरसाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यात. त्याकडं शेवटी येऊ. मर्स या तिसऱ्या कोरोनाविषाणूचा विचार करत असाल तर एवढं ध्यानात घ्या की तो २०१२ पासून उंटांतून माणसात पुन्हा पुन्हा येतो, पण माणसात फार काळ साखळी टिकवत नाही. त्यामुळं ‘उडीनंतरची उत्क्रांती’ शोधायला तिथं लांब फांद्याच सापडत नाहीत.

क्रम उतरवताना

एनसीबीआय व्हायरस हे संकेतस्थळ नोंदणीशिवाय वापरता येतं. जीआयएसएआयडीवर माल जास्त आहे, पण तिथं नोंदणी लागते आणि क्रम इतरांना वाटायचे नाहीत अशी अट मान्य करावी लागते. विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती फाइल टाकलीत तर अट मोडली. पहिल्या प्रकल्पाला एनसीबीआय पुरे.

संदर्भ म्हणून वुहान-हू-१ घ्या, नोंद क्रमांक एनसी_०४५५१२ (शोधताना अर्थातच रोमन अक्षरांत टाका). लांबी २९,९०३. गाळणी अशी लावा: पूर्ण जीनोम, लांबी २९,००० च्या वर, यजमान (नमुना कुठल्या प्राण्याचा) स्पष्ट लिहिलेला, नमुना घेतल्याची तारीख दिवसासकट. नुसतं ‘२०२०’ असं लिहिलेले क्रम बाजूला काढा. ज्यांत न वाचलेली अक्षरं एक टक्क्याहून जास्त आहेत तेही नकोत. एकाच शहरातले, एकाच आठवड्यातले दोनशे क्रम घेण्यापेक्षा महिन्यागणिक आणि देशागणिक थोडे थोडे घेतलेले बरे.

मग सगळे क्रम नेक्स्टक्लेडमध्ये टाका. हे ब्राउझरमध्येच चालतं आणि क्रम तुमच्या मशीनबाहेर जात नाहीत. कुठल्या क्रमात अनपेक्षित म्युटेशनांचा गठ्ठा आहे, कुठं वाचनचौकट (तीनतीन अक्षरांच्या कोडॉनांची विभागणी) सरकली आहे, कुठं मध्येच थांबा-कोडॉन (प्रथिन तिथंच संपवणारी तीन अक्षरं) आला आहे, हे ते रंगांत दाखवतं. लाल दिसलेले क्रम निर्दयपणे काढा.

एक साधी अक्कलकसोटीही आहे. सार्स-कोव्ह-२ मध्ये महिन्याला साधारण दोन बदल टिकतात. इतर आरएनए विषाणूंच्या मानानं हा वेग कमी, कारण कोरोनाविषाणूंकडं एनएसपी१४ नावाचं प्रूफ तपासणारं प्रथिन असतं. म्हणजे मार्च २०२० च्या नमुन्यात संदर्भापेक्षा पंचवीस फरक दिसले, तर शोध लागला म्हणून पेढे वाटू नका. बहुधा वाचन बिघडलेलं आहे किंवा तारीख चुकलेली आहे.

अलाइनमेंट आणि झाकायच्या जागा

क्रम एकाखाली एक जुळवून मांडायला (हीच अलाइनमेंट) मॅफ्ट वापरा. त्यात संदर्भाची लांबी कायम ठेवून नवे क्रम जोडायचा पर्याय आहे, तोच निवडा, म्हणजे प्रत्येक जागेचा क्रमांक वुहान-हू-१ प्रमाणंच राहतो. नाहीतर कुणाच्या तरी जादा अक्षरामुळं सगळे क्रमांक पुढं सरकतात आणि समजा २३४०३ ही जागा शोधताना तुम्ही भलत्याच जागी पोचता. त्याची किंमत अशी की संदर्भात नसलेली घुसलेली अक्षरं गळून जातात, त्यांची यादी वेगळी ठेवा.

सुरुवातीच्या ५५ आणि शेवटच्या शंभर जागा (२९८०४ पासून पुढं) झाकून टाका, टोकांचं वाचन भरवशाचं नसतं. ११०८३ या जागेवर खूण करून ठेवा. तिथं टी अक्षरांची ओळ आहे आणि तिथला जी-टी बदल झाडावर इतक्या ठिकाणी उगवतो की त्यावरून नाती जोडायला गेलात तर फसाल. डेल्टाच्या काळातले क्रम घेतले असतील तर स्पाइक या विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनातल्या १४२ व्या जागेबद्दलही सावध राहा. तेव्हाच्या प्रायमरांना (वाचनाआधी जीनोमचे तुकडे वाढवायला लागणाऱ्या छोट्या धाग्यांना) तो भाग नीट पकडता येत नव्हता, त्यामुळं कित्येक क्रमांत बदल ‘परतलेला’ दिसतो आणि प्रत्यक्षात परतलेला नसतो.

यानंतर अलीव्ह्यूमध्ये अलाइनमेंट उघडून डोळ्यांनी बघा. अर्धा तास नुसतं वरखाली करा. कुठलंही सॉफ्टवेअर हे काम तुमच्यासाठी करणार नाही.

बदलाची दिशा

दोन क्रमांत एका जागी सी आणि टी दिसले तर सीचा टी झाला की टीचा सी? संदर्भ हा सगळ्यांत जुना, असं धरलं की उत्तर सोपं होतं आणि कधीकधी चुकतं.

उदाहरण वुहानचंच. २०१९-२० च्या हिवाळ्यात माणसांत दोन वंशावळी होत्या, ए आणि बी. त्यांच्यातला फरक फक्त दोन जागांचा: ८७८२ आणि २८१४४. ए मध्ये तिथं टी आणि सी, बी मध्ये सी आणि टी. वुहान-हू-१ हा बी मधला. पण वटवाघळांतल्या नातेवाइकांशी जुळतो तो ए. म्हणजे ज्याला आपण संदर्भ म्हणतो तो या दोन जागांवर ‘मूळ’ नसण्याची शक्यता आहे, आणि संदर्भावरून दिशा ठरवली तर ए वंशावळीतल्या प्रत्येक क्रमात दोन उलट्या दिशेची म्युटेशन्स नोंदवली जातील.

म्हणून झाडाला मूळ लावण्यासाठी बाहेरचा नातेवाईक घ्या आणि तोही एकच घेऊ नका. कोरोनाविषाणूंत जीनोमचे तुकडे आपापसांत बदलतात. आरएटीजी१३ एकंदरीत जवळचा असला तरी त्याचा रिसेप्टरला (पेशीवरच्या ज्या प्रथिनाला विषाणू धरतो त्याला) चिकटणारा भाग बराच वेगळा आहे. बॅनल-५२ चा तोच भाग सार्स-कोव्ह-२ च्या खूपच जवळ जातो. एकाच नातेवाइकाचा शब्द संपूर्ण जीनोमसाठी प्रमाण मानता येत नाही.

क्रम मोजू नका, घटना मोजा

सगळ्या कामात मला हाच टप्पा महत्त्वाचा वाटतो, आणि बहुतेक प्रकल्प इथंच घसरतात.

एका भावकीतल्या चाळीस घरांचं आडनाव पाटील असलं, म्हणून ते आडनाव चाळीसदा पडलं असं होत नाही. एकदाच पडलं आणि वारशानं गेलं. तुमच्या ३०० क्रमांपैकी २७० मध्ये डी६१४जी (स्पाइकच्या ६१४ व्या अमिनो आम्लात डी चा जी) दिसला तर तोही २७० वेळा घडलेला नाही. त्यामागचा ए२३४०३जी (जीनोमच्या २३४०३ व्या जागी ए चा जी) हा बदल एका पूर्वजात झाला आणि त्याच्या वंशजांकडं आला. सोबत सी२४१टी, सी३०३७टी आणि सी१४४०८टी असे तिघे प्रवासी त्याच गाडीनं आले. यातला ३०३७ वरचा बदल प्रथिनात काहीच फरक करत नाही, तरी त्याची टक्केवारी डी६१४जीइतकीच वाढलेली दिसते. टक्केवारीवरून ‘जुळवून घेणं’ सिद्ध होत नाही याचा याहून चांगला पुरावा नको. डी६१४जीचा फायदा नंतर प्रयोगांतून आणि वेगवेगळ्या प्रदेशांत त्याच्या एकसारख्या वाढीवरून दाखवला गेला, नुसत्या मोजणीवरून नाही.

योगायोगही असतो. समजा, लॉकडाऊन उठल्यावर मुंबईहून आलेल्या एका कुटुंबाकडून राजारामपुरीत साखळी सुरू झाली आणि त्यांच्या विषाणूत एखादा निरुपयोगी बदल होता. महिन्याभरात त्या भागातले सगळे नमुने तोच बदल दाखवतील. त्यात विषाणूचं कर्तृत्व शून्य.

करायचं असं: आयक्यू-ट्रीनं झाड बांधा, मग ट्रीटाइमच्या पूर्वज-पुनर्रचनेतून प्रत्येक फांदीवर कुठली म्युटेशन्स झाली ते काढा. आता एक तक्ता तयार होईल, ज्यात एक ओळ म्हणजे एक घटना: फांदी, जागा, आधीचं अक्षर, नंतरचं अक्षर. हाच तुमचा खरा डेटा. तोच बदल एकमेकांपासून लांबच्या फांद्यांवर स्वतंत्रपणे पाचसहा वेळा दिसला, तर तिथं कान टवकारा. पण टवकारून लगेच निष्कर्ष काढू नका, कारण काही बदल रासायनिकदृष्ट्या सोपे असल्यामुळंच पुन्हा पुन्हा होतात.

बारा प्रकारांचा हिशोब

चार अक्षरं, प्रत्येकाला बदलायला तीन पर्याय, म्हणजे बारा प्रकार. घटनांच्या तक्त्यातून प्रत्येक प्रकार किती वेळा आला ते मोजा. एक्सेलमध्येही जमतं.

नुसत्या मोजणीवर थांबू नका. वुहान-हू-१ मध्ये ए ८,९५४, सी ५,४९२, जी ५,८६३ आणि टी ९,५९४ आहेत. सी मुळात कमी आहे, म्हणजे सी-टी बदलाला संधीच कमी. समजा तुमच्याकडं २०० सी-टी आणि ६० टी-सी घटना आल्या. सरळ पाहिलं तर साडेतीन पटीहून थोडा कमी फरक. पण २०० ला ५,४९२ नं आणि ६० ला ९,५९४ नं भागलं की हजारी दर ३६ आणि ६ येतात, जवळजवळ सहा पट. ही भागाकाराची पायरी गाळलेली असली तर परीक्षकानं अहवाल परत करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

सार्स-कोव्ह-२ मध्ये सगळ्यांत वर सी-टी येईल, आणि जी-टी तुमच्या अपेक्षेपेक्षा जास्त. आता त्यांचे जोडीदार बघा. आरएनएची एक साखळी दुसरीच्या उलट अक्षरांची असते. नक्कल करणाऱ्या एन्झाइमच्या साध्या चुका दोन्ही साखळ्यांवर सारख्या झाल्या असत्या तर सी-टी इतकेच जी-ए दिसले असते, आणि जी-टी इतकेच सी-ए. तसं दिसत नाही. म्हणजे एका बाजूच्या साखळीला काहीतरी जास्त लागतंय. सी-टी बाबत संशय आपल्याच पेशींतल्या एपोबेक एन्झाइमांवर आहे, जी सीमधला अमिनो गट काढून टाकतात. या बदलांच्या शेजारी ए किंवा टी जास्त आढळतात, तेही मोजून बघा. जी-टीचं बोट ऑक्सिजनमुळं होणाऱ्या झिजेकडं जातं. ओमिक्रॉनच्या वंशावळीत जी-टीचं प्रमाण घटलेलं आढळलं, आणि विषाणू फुप्फुसापेक्षा वरच्या श्वसनमार्गात जास्त वाढू लागल्यामुळं तसं झालं असावं असा तर्क मांडला गेला. तुमच्याकडं दोन्ही काळांतले क्रम असतील तर हा फरक स्वतः काढून बघण्यासारखा आहे.

मग सी-टीचा भर हा माणसात आल्याचा शिक्का का? नाही. वटवाघळांतल्या नातेवाईक विषाणूंचे जीनोमही असेच टीनं भरलेले आणि सीनं ओकेबोके आहेत. ही ओढ जुनी आहे. तसंच सीच्या पाठोपाठ जी येणाऱ्या जोड्यांचं. अक्षरांच्या संख्येवरून त्या साधारण १,०७७ असायला हव्यात, प्रत्यक्षात निम्म्याहूनही कमी भरतात. २०२० मध्ये यावरून ‘विषाणू अमुक प्राण्यातून आला’ असे तर्क लढवले गेले, पण जवळच्या वटवाघळी विषाणूंतही ही तूट असल्यामुळं त्यातून फारसं काही निघत नाही.

प्रथिनापर्यंत पोचणं

जीनोममधल्या क्रमांकावरून अमिनो आम्ल काढायचा हिशोब एकदा हातानं करा. स्पाइक २१५६३ वर सुरू होतो. २३४०३ मधून २१५६३ वजा केले की १,८४०. तीननं भागा: ६१३ पूर्ण, बाकी १. म्हणजे ६१४ वा कोडॉन, त्यातलं दुसरं अक्षर. जीएटीचा जीजीटी झाला, ॲस्पार्टेटचं ग्लायसिन झालं. डी६१४जी.

ओआरएफ१एबी या पहिल्या लांबलचक जीनमध्ये मात्र सापळा आहे. १३४६८ या जागी रायबोसोम एक पाऊल मागं सरकतो आणि तेच अक्षर पुन्हा वाचतो. हे विसरून सरळ तीननं भागत गेलात तर पुढचे सगळे कोडॉन चुकतात आणि जवळजवळ अख्खं पॉलिमरेज (नक्कल करणारं एन्झाइम) निरर्थक दिसतं. तो जीन दोन तुकड्यांत कापूनच हाताळा.

प्रथिन बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या बदलांचं गुणोत्तर काढायला डेटामंकी या संकेतस्थळावरच्या पद्धती सोयीच्या आहेत. त्यांना झाडाच्या आतल्या फांद्याच तपासायला सांगा. टोकाच्या फांद्यांवर नुकतेच झालेले, अजून गाळले न गेलेले अपायकारक बदल आणि वाचनाच्या चुका साचलेल्या असतात, त्यामुळं तिथलं गुणोत्तर खोटं फुगतं.

सार्सचे क्रम घेतलेल्यांना इथं मेजवानी आहे. स्पाइकची ४७९ आणि ४८७ ही ठिकाणं बघा. एसझेड३ सारख्या उदमांजरी विषाणूत तिथं लायसिन आणि सेरिन, साथ पसरवणाऱ्या मानवी विषाणूत ॲस्परॅजिन आणि थ्रिओनिन. २००३-०४ च्या हिवाळ्यात ग्वांगझूमध्ये पुन्हा काही जणांना सौम्य लागण झाली, तेव्हाच्या विषाणूत ४७९ बदललेला होता, ४८७ नव्हता, आणि ती साखळी पसरली नाही. माणसाच्या एसीई२ रिसेप्टरला चिकटण्यात या दोन जागा किती फरक करतात हे प्रयोगशाळेत मोजलं गेलं आहे. शिवाय साथीच्या सुरुवातीच्या टप्प्यात प्रथिन बदलणारे बदल जास्त आणि नंतर ते गाळले गेले, असा क्रमही दिसतो. ‘जुळवून घेणं’ म्हणायला लागणारे सगळे धागे इथं एकत्र येतात.

त्याच सार्समध्ये नंतरच्या मानवी विषाणूंच्या ओआरएफ८ या जीनमधून २९ अक्षरं गायब झाली आणि जीनचे दोन तुकडे पडले. हे जुळवून घेणं होतं की एका पूर्वजाचा योगायोग? एकदाच घडलेल्या घटनेवरून ठरवता येत नाही. सार्स-कोव्ह-२ मध्ये २०२० च्या सुरुवातीला सिंगापूरला त्याच भागातली ३८२ अक्षरं गेलेला विषाणू पसरला होता आणि नंतर नाहीसा झाला.

पडताळणीसाठी उलटी उडी

आपला निष्कर्ष तपासायला दुसरी उडी शोधा. नेदरलँड्स आणि डेन्मार्कच्या फार्मांवरच्या मिंकांना २०२० मध्ये माणसांकडून लागण झाली. तिथं स्पाइकमधला वाय४५३एफ (जागा २२९२०, ए चा टी) वेगवेगळ्या वंशावळींत स्वतंत्रपणे उगवला. तो ए-टी प्रकारचा आहे, म्हणजे झिजेनं सहज होणारा नव्हे; रिसेप्टरला चिकटणाऱ्या भागात आहे; आणि नव्या यजमानात वारंवार दिसतो. तीन वेगळे पुरावे एका दिशेला. डेन्मार्कनं त्याच वर्षी नोव्हेंबरात सगळे मिंक मारायचा निर्णय घेतला, दीड कोटीहून जास्त. आपल्याकडं २०२१ मध्ये हैदराबाद आणि चेन्नईच्या प्राणिसंग्रहालयांतल्या आशियाई सिंहांना लागण झाली होती, पण इतक्या थोड्या प्राण्यांत आणि छोट्या साखळीत जुळवून घेण्याचा माग काढायला वाव नाही.

घरचं उदाहरण हवं असेल तर बी.१.६१७ ही वंशावळ घ्या. महाराष्ट्रातल्या नमुन्यांत एल४५२आर आणि ई४८४क्यू एकत्र वाढत असल्याचं मार्च २०२१ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं जाहीर केलं. त्याच कुटुंबातला बी.१.६१७.२ पुढं डेल्टा झाला. मुंबईतली लाट ओसरल्यावरही कोल्हापूर जिल्ह्यातले आकडे २०२१ च्या पावसाळ्यापर्यंत खाली येईनात, हे इथल्या कुणाला सांगायला नको. पण ‘कोल्हापूरचा वेगळा म्युटंट’ शोधायला निघणार असाल तर थांबा. बऱ्याच नोंदींत ठिकाण नुसतं ‘महाराष्ट्र’ असतं, आणि आकडे न उतरण्यामागं चाचण्या, गर्दी, लसीचा पुरवठा अशी कारणं क्रमांत दिसत नाहीत. त्यापेक्षा ६८१ वी जागा घ्या: अल्फात प्रोलिनचं हिस्टिडिन, डेल्टात प्रोलिनचं आर्जिनिन, दोन्ही २३६०४ या एकाच अक्षरावर, दोन्ही फ्युरिन या आपल्या पेशींतल्या एन्झाइमच्या कापायच्या जागेला लागून, आणि दोन वेगळ्या फांद्यांवर. एवढ्या एका जागेवर प्रकल्पाचं अख्खं प्रकरण उभं राहतं.

तोंडी परीक्षेत विचारतील, ‘हे माणसाशी जुळवून घेणंच कशावरून?’ तेव्हा घटनांचा तक्ता पुढं करा आणि त्या बदलापुढं चार रकाने भरलेले असू द्या: स्वतंत्रपणे किती वेळा झाला, बारा प्रकारांतल्या किती सोप्या प्रकारचा आहे, आतल्या फांद्यांवर टिकला का, आणि प्रयोगानं काही दाखवलं आहे का. चौथा रकाना रिकामा असेल तर ‘शक्यता’ असं लिहा.